पावसाळा पिलं घेतोच, असं मी म्हणायची

माझ्याकडे एक लांबट वही आहे. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी खुराड्याचा कारभार सासूबाईंच्या हातून माझ्याकडे आला, तेव्हापासून मी तिच्यात कोंबड्यांचा हिशेब लिहिते. कोणती कोंबडी कधी खुडूक झाली, तिच्याखाली किती अंडी ठेवली, किती फुटली, किती पिलं मोठी झाली, किती विकली, किती घरी खाल्ली. शेवटचा रकाना ‘गेली’ असा आहे. मुंगसाने नेलं असेल तर तिथे मुंगूस लिहिलंय, घारीने नेलं असेल तर घार. पण जी आजारी होऊन गेली त्यांच्यापुढे नुसता आकडा. आषाढात चार, पुढच्या आषाढात पाच, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. अकरा वर्षांची बेरीज मी अलीकडेच पहिल्यांदा केली. सत्तेचाळीस.

या सत्तेचाळीस पिलांबद्दल माझं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘पावसाळा पिलं घेतोच.’ आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने अंगणात शेवाळ असतं, चादरी वाळत नाहीत. अशा हवेत मुठीएवढं पिलू दगावलं तर त्यात नवल काय, असं मला खरोखरच वाटायचं. मी कठोर होते म्हणून नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे तो हवामानाचा भाग होता, आणि हवामानाशी कोण भांडणार?

त्या समजुतीला जोडून दुसरी एक होती. पिसं फुलवून, मान आत ओढून एका बाजूला उभं राहिलेलं पिलू दिसलं की ते त्याच संध्याकाळी संपवायचं. मान मुरगाळायची आणि माडाच्या मुळात पुरायचं. एकाच्या मायेपायी बाकीची अकरा घालवू नयेत. आमच्या बचत गटातल्या चौघी-पाचजणींना पंचवीस तलंगा आणि तीन नर असा सरकारी गट मिळाला होता, तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितलं. मी शिक्षिका, वही ठेवणारी, त्यामुळे माझा शब्द त्यांनी मानला. आज तेच मला जास्त लागतं. स्वतःच्या खुराड्यात केलेली चूक एका घरापुरती राहते. माझी चूक मी पाच घरांत पोचवली.

एकदाच मी उपचार करून पाहिला होता. त्याबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगते. एक मलूल पिलू उचललं, हळद घातलेलं कोमट दूध चमच्याने त्याच्या चोचीत ओतलं. जबरदस्तीने, चोच दोन बोटांनी उघडी धरून. पिलाने दोनदा मान झटकली, एक बुडबुडा आला आणि ते माझ्या तळहातावरच लुळं पडलं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, ओतलेलं थेट फुप्फुसात जाऊ शकतं, आणि दूध तर पक्ष्यांना नीट पचतही नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की पिलांना औषधपाणी लागत नाही. माझ्या हाताने बुडवलेल्या पिलावरून मी सगळ्या पिलांबद्दलचा नियम केला आणि तो पुढे कितीतरी वर्षं चालवला.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. वैशाखाच्या अखेरीस कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली होती, एकविसाव्या दिवशी बारा फुटली. चार आठवड्यांत पंखांवर नवी पिसं यायला लागली आणि नेमकं तेव्हाच तीन पिलं ओळीने गेली. चौथं एका सोमवारी संध्याकाळी दिसलं. तांबूस रंगाचं, पाठीवर काळी रेघ असलेलं. कोंबडी बाकीच्यांना घेऊन पुढे गेली होती आणि हे पडवीच्या पायरीशी उभं होतं. डोळे अर्धे मिटलेले, पंख खाली लोंबलेले. मी त्याला उचललं. छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागलं. मागच्या पिसांना तपकिरी-लाल काहीतरी चिकटलं होतं. मी मान धरायला हात फिरवला, तेवढ्यात पडवीतल्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, “आज सोमार आसा गो. आज जीव घेव नको.”

आईंचं वय तेव्हा शहाऐंशी. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या त्या खाटेवरच होत्या. आमच्या घरात सोमवारी मासळीसुद्धा शिजत नाही, त्यामुळे वाद घालण्यासारखं काही नव्हतं. उद्या बघू म्हणून मी पिलू एका खोक्यात ठेवलं. त्याला वाचवायचं असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. फक्त एक रात्र पुढे ढकलली, एवढंच.

खोका आईंच्या खाटेपासून चार हातांवर, पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. त्यांना दिसेल असा. “ता कापता,” त्या म्हणाल्या. ते खरंच थरथरत होतं. मी साठ वॉटचा बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यावर टांगला. एकाच कोपऱ्यावर, कारण वायर तेवढीच पुरली. ती अपुरी वायर फार उपयोगी पडली, हे नंतर कळलं: उजेडाखाली ऊब आणि दुसऱ्या कोपऱ्यात गारवा, म्हणजे पिलाला हवं तिथे सरकता येतं. फार तापलं तर ते चोच उघडी ठेवून धापा टाकतं आणि लांब जातं, गारठलं तर दिव्याखाली अंग मुडपून बसतं. निरोगी पिलालासुद्धा पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. चार आठवड्यांच्या पिलाला एरवी एवढी गरज नसते. पण आजारी पिलू स्वतःची ऊब धरू शकत नाही, त्याचं वय जणू मागे जातं.

रात्री अडीच वाजता आईंनी हाक मारली. वीज गेली होती. मी गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. पिलू तिला टेकलं. कंदिलाच्या उजेडात मी पहिल्यांदा त्याच्याकडे नुसतंच बघत बसले. खालची पापणी वर यायची, मधूनच एक पांढुरकं पातळ पटल डोळ्यावरून आडवं सरकायचं आणि पुन्हा मागे जायचं. अकरा वर्षं कोंबड्या पाळून मी ते पटल कधी पाहिलं नव्हतं.

पाण्याची रीत आईंनी सांगितली. उकळून निववलेल्या पाण्यात गुळाचा खडा, मिठाची चिमूट. ओतायचं नाही. बोट बुडवायचं आणि थेंब चोचीच्या कडेला लावायचा. त्याने गिळलं तर दुसरा. नाही गिळलं तर थांबायचं. “आधी ऊब, मगे पाणी, मगे दाणो,” त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, “आई, तुम्हांला हे ठाऊक होतं, तर इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “तू शिकलेली. तू वयीत लिवतंस.” याच्यावर मला काही बोलता आलं नाही, अजूनही येत नाही.

मंगळवारी सकाळी पिलू जिवंत होतं. खोक्यात घातलेल्या वर्तमानपत्रावर त्याची शिट पडली होती, आणि कागद पांढरा असल्यामुळे ती स्पष्ट दिसत होती: त्यात रक्त होतं. खुराड्यातल्या भुशावर हे मला कधी दिसलंच नसतं. मी तो कागदाचा तुकडा कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पहिल्या एसटीने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी आधी विचारलं, “एकदम किती मेली? आजूबाजूला कावळे, बदकं मरताहेत का?” २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हापासून पहिला प्रश्न हाच असतो, असं ते म्हणाले. एकाएकी खूप पक्षी मेले तर घरी शुश्रूषा करत बसायचं नाही, हातही लावायचा नाही, आधी दवाखान्यात कळवायचं. मग त्यांनी मानमोडीबद्दल विचारलं. मानमोडी म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेतला १९२७ साली हा रोग दिसला म्हणून आपल्याकडे ते नाव पडलं, जगभर त्याला न्यूकॅसल म्हणतात. पक्षी तोंड उघडून श्वास घेतो, हिरवट पातळ हगतो, काहींची मान पिळवटते आणि पाहता पाहता खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. माझ्या पिलांना यातलं काही नव्हतं. चार आठवड्यांचं वय, ओळीने एकेक, आणि रक्त. डॉक्टरांनी कागदावरचा ठिपका काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला बोलावलं.

मी तीस वर्षं मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवला, बहुतेक वेळा कांद्याच्या पापुद्र्याखेरीज त्याखाली दुसरं काही ठेवलं नाही. आता तिथे लंबगोल, पारदर्शक, दुहेरी कडांचे दाणे विखुरलेले दिसत होते. कॉक्सिडिऑसिस. रक्ती हगवण. आयमेरिया नावाचा एकपेशीय जीव पिलाच्या आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि ते अस्तर फोडून बाहेर येतो. हे दाणे विष्ठेतून पडतात. पडल्यापडल्या ते निरुपद्रवी असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात, आणि मग पिलाने टिपले की पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू.

“भुसा ओला असतो का?” डॉक्टरांनी विचारलं.

भुसा ओला होता. कौलातून गळायचं. पाण्याची ताटली जमिनीवरच असायची, पिलं तिच्यात पाय घालायची, त्यातच हगायची, तेच प्यायची. ओल दिसली की मी वरून कोरडा भुसा पसरायची, खालचा थर तसाच. आणि रोगराई नको म्हणून दर आठवड्याला फिनेलचं पाणी शिंपडायची. डॉक्टर म्हणाले, या दाण्यांचं कवच एवढं चिवट असतं की नेहमीच्या फिनेलला ते दाद देत नाहीत. म्हणजे मी दर आठवड्याला त्यांना हवी ती ओल पुरवत होते.

पाऊस पिलं घेत नव्हता. पाऊस तर बाहेर पडत होता. आतली ओल माझ्या हातची होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मला सारखी ती वही दिसत होती. दर वर्षी एक पिलू फुलून उभं राहून मला सांगत होतं की खुराड्यात काहीतरी बिघडलंय. आणि दर वर्षी मी सांगणाऱ्यालाच पुरत होते. संध्याकाळच्या आत, म्हणजे त्याची शिट पाहायलासुद्धा वेळ राहू नये इतक्या घाईने. बाकीच्यांना वाचवण्यासाठी एकाला मारते, असं मी म्हणायची. त्या एकाला दोन दिवस बाजूला ठेवून नीट पाहिलं असतं तर बाकीच्यांचं काय होणार हे कळलं असतं.

औषध होतं अँप्रोलियमची भुकटी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाने पिण्याच्या पाण्यात, फक्त आजाऱ्याला नव्हे तर सगळ्या पिलांना. रोज ताजं करायचं, दुसरं पाणी ठेवायचं नाही. शक्ती यावी म्हणून मी औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची बाटलीही घेतली होती. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवायला सांगितली. अँप्रोलियमची घडण ब-१ जीवनसत्त्वाशी, म्हणजे थायमिनशी, मिळतीजुळती असते. त्या जिवाला थायमिन लागतं, तो फसून हे उचलतो आणि उपाशी पडतो. आपण खरं थायमिन दिलं तर औषधाचा उपयोगच जातो. ताकद द्यायची ती औषधाचे दिवस संपल्यावर.

या ब-१ वर मी वर्गात किती वेळा बोलले असेन! बेरीबेरी, सडीचा तांदूळ, असं फळ्यावर लिहायची. त्या शोधाच्या मुळाशी आजारी कोंबड्याच आहेत, हे मला त्या पावसाळ्यात वाचताना कळलं. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान १८९० च्या सुमारास जावातल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडायला लागल्या, आणि पुढे अचानक बऱ्याही झाल्या. त्याने चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घालत होते, आणि नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायचं नाकारल्यावर त्या सुधारल्या. कारण त्याने आधी चुकीचं लावलं. भातात काहीतरी विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा, असं तो म्हणत होता. कोंड्यातच काहीतरी आवश्यक आहे आणि त्याच्या अभावाने रोग होतो, हे त्याच्यामागून आलेल्या खेरिट ग्रेन्सने १९०१ साली मांडलं. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. त्या आवारातल्या लुळ्या कोंबड्या कुणी त्याच संध्याकाळी पुरून टाकल्या असत्या तर?

पुढचे सहा दिवस खरी राखण आईंनी केली. एवढ्या वयाच्या माणसाने आजारी पक्ष्याला हात लावू नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पिलांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू माणसाला येतात, आणि म्हाताऱ्यांना व लहान मुलांना ते सोसत नाहीत. त्यामुळे हात लावणारी मी एकटी, हाताला पिशवी बांधून, नंतर साबणाने धुऊन, आणि खोका स्वयंपाकघरापासून लांब. पण बघायला कुणाची मनाई? आईंना रात्री झोप नसायचीच. “पाणी प्यालां,” “आता उभ्या रवलां,” “पंख झाडल्यान,” असं त्या मला झोपेतून उठवून सांगायच्या. खुबा मोडल्यापासून त्यांनी आपणहून मला हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या आठवड्यात त्या रात्रीतून चार-चार वेळा मारायच्या. तिसऱ्या दिवशी मी उकडलेल्या अंड्याचा बलक भिजवलेल्या कण्यांत कुस्करून बोटावर धरला. पिलाने एकदा टोचलं, थांबलं आणि पुन्हा टोचलं. माझ्या बोटाच्या टोकाला ते अजून जाणवतं. एखाद्या काटकीचं टोक लागावं तसं, पण नेमकं.

पाचव्या दिवशी खुराड्यातलं आणखी एक पिलू गेलं. औषध त्याच्यापर्यंत उशिरा पोचलं होतं. वहीत मी आकड्यापुढे पहिल्यांदा ‘रक्ती हगवण, भुसा ओला’ असं लिहिलं. बाकीची आठ वाचली. त्यांतली सात धडधाकट आणि आठवं हे काळ्या रेघेचं, जे कायमच जरा बुटकं राहिलं.

खुराडं मी सगळं रिकामं केलं. भुसा खरवडून लांब नेऊन जाळला, जमीन दोन दिवस उघडी ठेवली, चुना मारला, कौलं सारखी करून घेतली. पाण्याचं भांडं विटांवर, पिलाच्या पाठीच्या उंचीवर ठेवलं. या सगळ्याला मिळून किती खर्च आला असेल? दोन गावठी कोंबड्यांच्या किमतीएवढाही नाही.

मग गटाच्या बैठकीत उभी राहिले. पाच जणींना सांगितलं की मी तुम्हांला चुकीचं सांगितलं होतं. माझा आवाज बसला होता. एकजण म्हणाली, “बाई, माझी तर नऊ मारली मी.” ती रागाने बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. आता आम्ही लशीचंही बघतो. राणीखेतच्या लशीची बाटली मोठी, शंभर-शंभर पिलांची, आणि एकदा कालवली की थोड्या तासांत संपवावी लागते. दहा-बारा पिलांसाठी कोण फोडणार, म्हणून वाडीत कुणी देतच नव्हतं. आता आम्ही कोंबड्या एकाच आठवड्यात बसवतो, म्हणजे पिलं बरोबर निघतात, आणि सातव्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यांची डालगी आमच्या अंगणात येतात. एकजण पिलू धरते, दुसरी डोळ्यात थेंब टाकते.

मी आजही असं म्हणत नाही की प्रत्येक पिलू वाचवावं. यातना होत असतील आणि उपाय नसेल तर मी अजूनही हात पुढे करते, आणि घरच्या कोंबड्या आम्ही खातो. बदललं ते एवढंच, की काय झालंय हे कळल्याशिवाय मी आता हात पुढे करत नाही.

आई गेल्या त्याला दोन वर्षं होतील. काळ्या रेघेची ती कोंबडी अजून आहे, गेल्या उन्हाळ्यात नऊ पिलं घेऊन हिंडत होती.

परवा, पावसाच्या पहिल्या झडीनंतर, तिच्या नव्या पिलांतलं एक संध्याकाळी पिसं फुलवून पायरीशी उभं दिसलं. मी आधी खोका काढला, कागद पसरला, दिवा लावला. मग खुराड्यात वाकून मूठभर भुसा घेतला आणि दाबला. कोरडा असेल तर मूठ उघडली की तो सुटा होऊन पडतो. मी मूठ उघडली. गोळा तसाच राहिला. मी फावडं आणायला गेले.